शब्दचर्चा : 'राक्षस' म्हटलं की वाघाचं डोकं का? खेळातली भुतं आणि मराठी शब्द

फासेकरी
'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून खेळायच्या कथाखेळाची पाचवी आवृत्ती मराठीतून खेळवताना काही शब्द हमखास अडतात. 2014 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधल्या, म्हणजे खेळातल्या शत्रूंच्या पुस्तकातल्या, 'राक्षस'ला वाघाचं डोकं आहे, हाताचे तळवे उलटे आहेत आणि अंगावर उंची कपडे आहेत. टेबलावर 'राक्षस' म्हटलं की खेळाडूंच्या डोळ्यांपुढे रावण नाहीतर बकासुर उभा राहतो, वाघ कुणालाच दिसत नाही. मग दुसरा शब्द योजावा का? मेल्यावरही वावरणाऱ्या 'अनडेड' या वर्गाला भूत म्हणावं की पिशाच्च? आणि 'विल-ओ-विस्प'ला, म्हणजे वाट चुकवणाऱ्या तरंगत्या उजेडाला, चकवा म्हटलं तर चालेल का?

कोशप्रेमी
शब्द बदलू नका, त्याचा अर्थ मोठा करा. मराठीत 'राक्षस' ही नुसती प्राण्याची जात नाही. पत्रिकेत देवगण, मनुष्यगण, राक्षसगण असतात. 27 पैकी 9 नक्षत्रं राक्षसगणाची आहेत : कृत्तिका, आश्लेषा, मघा, चित्रा, विशाखा, ज्येष्ठा, मूळ, धनिष्ठा, शततारका. मघा नक्षत्रावर जन्मलेल्या मुलीला कुणी सुळे लावत नाही. तिथे हा शब्द स्वभाव सांगतो.

स्मृतींतल्या आठ विवाहांची यादी तर गेममास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, पाठच करावी. आसुर विवाहात मुलीसाठी द्रव्य मोजलं जातं, राक्षस विवाहात बळाने पळवून नेलं जातं आणि पैशाच विवाहात झोपेत किंवा नशेत असलेलीला गाठलं जातं. असुर विकत घेतो, राक्षस ओरबाडतो, पिशाच चोरपावलांनी येतो. खेळात हे तिघे एकाच साच्यातले 'डीमन' होऊन जातात आणि तिथेच चव जाते. शत्रूची चाल ठरवायची असेल तर आधी या तिघांपैकी तो कोण, ते ठरवा.

व्युत्पत्तीही हाताशी असू द्या. रामायणाच्या उत्तरकांडात ब्रह्मदेवाने पाणी निर्माण केलं आणि ते सांभाळायला प्राणी निर्माण केले. 'रक्षाम' म्हणाले ते राक्षस झाले, 'यक्षाम' म्हणाले ते यक्ष. म्हणजे तिथे हा शब्द राखणीशीच बांधलेला आहे. 'असुर'चं तर ऋग्वेदात वरुणासारख्या देवालाही विशेषण लागतं. 'सुर नाही तो असुर' ही फोड मागाहूनची.

स्टॅटब्लॉक
वाघाच्या डोक्याचा माग सांगतो. हा राक्षस खेळात 1975 मध्ये आला. त्याला चालना मिळाली ती 1974 च्या शेवटी प्रसारित झालेल्या एका अमेरिकन भयमालिकेच्या भागातून, थेट रामायण-महाभारतातून नव्हे. समोरच्याला जो माणूस विश्वासाचा वाटतो त्याचं रूप घेणं आणि मंतरलेल्या क्रॉसबो-बाणाने मरणं, या दोन्ही गोष्टी त्याच भागातल्या. 1977 च्या मॅन्युअलमधल्या चित्रात वाघाचं तोंड आलं आणि ते चित्रच पुढे व्याख्या होऊन बसलं.

तरी यातला एक गुण अस्सल आहे. हवं ते रूप घेणारा तो 'कामरूपी', आणि हा शब्द आपल्याकडे तयार आहे. नियमात हेच 'डिसगाइज सेल्फ' म्हणून आहे, कितीही वेळा वापरता येणारं. ही माया फक्त डोळ्यांना फसवते, स्पर्शाला टिकत नाही. नुसतं पाहून ओळखायचं तर फासा टाकून 18 ची तपास-चाचणी पार करावी लागते, पण हात लागला की प्रश्नच मिटला. म्हणून त्याला देवळात आणा. पुजारी पळीने तीर्थ देतो. समोर दिसतो नीट वळवलेला उजवा हात, पण पाणी तळव्याच्या खळग्यात थांबत नाही, हाताच्या पाठीवर पडावं तसं दोन्ही कडांनी ओघळून जातं. जो खेळाडू लक्ष देऊन ऐकतोय त्याला एवढं पुरतं.

आता चुकतं कुठे ते. 2014 च्या पुस्तकात त्याचं चॅलेंज (लढत किती अवघड) 13, आर्मर क्लास (घाव लागणं किती कठीण) 16, हिट पॉइंट (किती इजा सोसतो) 110. आकडे जड वाटत नाहीत म्हणून नवव्या-दहाव्या पातळीच्या गटापुढे तो सोडला जातो. पण सहाव्या किंवा त्याखालच्या पातळीचा कुठलाही मंत्र त्याच्या मर्जीशिवाय त्याला लागत नाही, आणि सातव्या पातळीचा मंत्र जादूगाराला तेराव्या पातळीवर मिळतो. त्याआधी जादूगार हात बांधून बसतो आणि खेळाडू चिडतो. वाट अशी की मंत्र राक्षसावर टाकायचा नाही, आपल्या माणसावर टाकायचा. 'ब्लेस' हा आशीर्वादाचा मंत्र लढवय्यावर चालतो. चांगल्या वृत्तीच्या माणसाच्या हातात जादूचा भाला किंवा जादूचे बाण असतील तर घाव दुप्पट बसतो. त्या मंतरलेल्या बाणाचा हा उरलेला अंश. हे शस्त्र लढाईच्या निदान एक सत्र आधी त्यांच्या हाती पडू द्या.

दक्षिणकोकण्या
उलटे तळवे पाहून आपल्याला हडळीची उलटी पावलं आठवतात, पण ती पावलं आहेत, हात नव्हेत. दोन्हींची भेसळ करू नका.

मला खटकतो तो 'वेताळ'. बऱ्याच खेळांत तो प्रेतात शिरणारा अनडेड आहे. वेताळ पंचविशीपुरतं ते बरोबर. पण वेंगुर्ला तालुक्यात आरवलीला वेतोबा ग्रामदेव आहे. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नवस फेडताना लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. गोव्यात आमोण्याला, लोलयेला वेताळ देव म्हणूनच पुजला जातो. अशा देवावर 'टर्न अनडेड', म्हणजे भुतांना पळवून लावणारी पुरोहिताची शक्ती, चालवणं म्हणजे शब्दाचा अर्थच न कळणं. कोकणातली कथा रचत असाल तर त्याला शत्रूंच्या यादीतून काढा. खेळाडूंनी वेशीबाहेर नव्या वहाणा ठेवल्या तर त्या रात्री वाट सुरक्षित, सकाळी तळ झिजलेले, असा नियम करा. देवचाराचंही तसंच. गोव्याकडे तो राखणदार आहे, त्याचा मान दिला की तो वाट दाखवतो.

कोशप्रेमी
राखणदार हा शब्द इथे आला हे फार बरं झालं. हाच धागा यक्षाकडे जातो. 'यक्षिणी'तल्या य चा प्राकृतात ज झाला, जक्खिणी झाली आणि मराठीत जखीण उरली. संस्कृतात धनाची राखण करणारी, आपल्याकडे सवाष्ण मेलेल्या बाईचं भूत. पितळखोऱ्याच्या लेण्यात सापडलेला दगडी यक्ष बघा : बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर पसरट भांडं, तोंडभर हसू. तो कण्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचं त्याच्यावरच कोरलं आहे. हाच शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानला गेला आणि 'याशा' झाला, राक्षसाचा 'रासेत्सु', असुराचा 'आशुरा'. नारा इथल्या कोफुकुजी मंदिरात 734 मधली आशुराची मूर्ती आहे, तीन तोंडं आणि सहा हात. 1991 च्या फायनल फँटसी IV या जपानी व्हिडिओ गेममधली असुरा तीन तोंडांची आहे ती याच परंपरेतली. तेव्हा जपानी खेळातला असुर आपल्या महिषासुराच्या मापाने मोजू नये, तो वळसा घालून आलेला आहे. 'ओनी' या शिंगवाल्या जपानी राक्षसाला मात्र मराठीत ओनीच ठेवा. आणि 'योकाई'ला, म्हणजे जपानी लोककथांतल्या अद्भुत जिवांना, भूत म्हणू नका, कारण त्यांत शंभर वर्षं जुनी झालेली छत्रीसुद्धा येते, आणि छत्री कधी मेलेली नसते.

फासेकरी
मग 'अनडेड'चं काय करायचं? आणि चकव्याचं?

स्टॅटब्लॉक
चकवा आधी. विल-ओ-विस्प विजेचा झटका देतो, 2d8 (आठ बाजूंच्या दोन फाशांची बेरीज) इजा करतो. चकवा कुणाला मारत नाही. तो लागतो, म्हणजे माणूस रात्रभर त्याच त्या बांधावर येत राहतो आणि उजाडलं की सुटतो. त्यामुळे हिट पॉइंट देऊच नका. दर तासाला 15 ची वाट शोधण्याची चाचणी घ्या. चुकली की ओळखीची एखादी खूण पुन्हा समोर आणा : तोच मोडका बैलगाडीचा आरा, तीच विहीर. तीन चुका झाल्या की सगळ्यांना थकव्याची एक पातळी. जो गट जागीच बसून पहाटेची वाट बघतो त्याला काहीच होत नाही. हा उपाय एखाद्या म्हाताऱ्या गुराख्याकडून आधी कळू द्या.

'अनडेड' या वर्गाला सरसकट 'भूत' पुरे. मराठीत खरी विभागणी रूपावरून होत नाही, माणूस काय अर्धवट ठेवून गेला त्यावरून होते. समंध हा शब्दच 'संबंध'वरून आला, ज्याचा पाश सुटला नाही तो. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंज (मुंजीचं व्रत संपवणारा विधी) व्हायच्या आत गेलेला मुलगा. तो बांधायला सोपा आहे. पुस्तकातल्या पोल्टरगाइस्टचे, म्हणजे वस्तू फेकणाऱ्या अदृश्य भुताचे, आकडे घ्या, हिट पॉइंट 22. पिंपळाच्या पारापासून 60 फुटांपुढे तो जात नाही. शून्यावर आला तरी दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला परत येतो. कायमचा सुटतो तो सोडमुंज लागल्यावरच.

इथे एक गाठ पडते. 'टर्न अनडेड' लागला की त्याने दूर पळायला हवं, आणि झाडापासून तर तो लांब जाऊ शकत नाही. निवाडा आधीच लिहून ठेवा : मिनिटभर तो खोडात शिरतो, पानं सळसळतात, आणि तेवढ्या वेळात पारावर चढता येतं. सोडमुंजीला मामा लागतो. काशीला निघालेल्या बटूला अडवून परत आणणारा तोच. तेव्हा मुलाचा मामा शोधून आणणं हेच त्या सत्राचं काम, तलवार फक्त वेळ काढायला.

कोशप्रेमी
लेखनाचं तेवढं सांगून ठेवतो. संस्कृतात 'पिशाच', मराठीत 'पिशाच्च' रुळलं आहे आणि ते नपुंसकलिंगी चालतं : ते पिशाच्च, ती पिशाच्चं. राक्षसचं स्त्रीलिंग राक्षसीण. 'राक्षसी' एकटं आलं तर वाचणारा ते विशेषण समजतो, राक्षसी भूक, राक्षसी बहुमत. जखीणचं अनेकवचन जखिणी, हडळचं हडळी. कार्डांवर छापताना ही रूपं एकदा ठरवून घ्या, नाहीतर एकाच डावात 'राक्षसी' कुठे बाई असेल आणि कुठे भूक.