तरुण माजी सैनिकांचा सन्मान करायचा आहे, कार्यक्रम कसा आखावा?

पायवाट
आमच्या संस्थेतर्फे पंचविशी-तिशीतल्या बारा माजी सैनिकांचा सन्मान करायचं ठरलंय. बहुतेकजण चार-पाच वर्षांची सेवा पूर्ण करून बाहेर पडलेत. दोघे जायबंदी होऊन परतले, त्यांतल्या एकाला कृत्रिम पाय आहे. सभागृह दीडशे खुर्च्यांचं आहे. भाषणं, सन्मानचिन्ह, फोटो एवढ्यावर भागवायचं नाही. त्यांच्या सेवेची कदर खरोखर त्यांच्यापर्यंत पोहोचावी, पुढे उपयोगीही पडावी, अशी इच्छा आहे. दिवस कोणता निवडावा, परिचय कसा द्यावा, काय टाळावं?

कूच
आधी दिवसाचं बघा. धारातीर्थी पडलेल्यांचं स्मरण आणि हयात सैनिकांचा सन्मान या दोन गोष्टींची फार गल्लत होते. अमेरिकेत मे महिन्याचा शेवटचा सोमवार मृतांसाठी आणि ११ नोव्हेंबर सर्व माजी सैनिकांसाठी असतो. ब्रिटनमध्ये तोच ११ नोव्हेंबर मुख्यतः मृतांच्या स्मरणाचा. भारतात १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन, कारण १९५३ साली त्याच दिवशी पहिले भारतीय लष्करप्रमुख करिअप्पा निवृत्त झाले. ज्याने सोबती गमावलाय त्याला स्मरणाच्या दिवशी स्वतःचा सत्कार स्वीकारणं जड जातं. तो दिवस टाळा.

परिचय चाळीस-पन्नास शब्दांचा पुरे. तीन आठवडे आधी प्रत्येकाला फोन करा आणि चार गोष्टी विचारा: दल व विभाग, प्रत्यक्ष काम, कालावधी, आणि काय सांगायचं नाही. मजकूर तयार झाला की त्यांना वाचून दाखवा. हुद्दा कसा लिहायचा तेही त्यांनाच विचारा, सेवा सोडल्यावर हुद्दा लावण्याचे नियम सगळीकडे सारखे नाहीत. ठाण्याचं नाव, तुकडीच्या हालचाली, सेवेत असलेल्या सोबत्यांचे फोटो फलकावर नकोत.

सर्वांत जास्त चुकतं ते इथे: निवेदक भरात येऊन प्रत्येकाला ‘सीमेवर शत्रूशी झुंजलेला’ करून टाकतो. ज्याने गाड्यांची इंजिनं चालू ठेवली किंवा भटारखाना सांभाळला, तो मग मान खाली घालून बसतो. त्याचं खरं काम सांगा. उदाहरणार्थ: ‘चार वर्षं सिग्नल विभागात. डोंगरावरच्या ठाण्यांचा रेडिओ संपर्क तुटू न देण्याची जबाबदारी. वादळात पडलेली अँटेना रात्रीतून पुन्हा उभी करणाऱ्या तुकडीत होता.’ यात एकही विशेषण नाही, पण माणूस दिसतो.

तरुणांच्या बाबतीत आणखी एक. ‘एवढ्यात निवृत्त? काय झालं?’ हा प्रश्न त्यांना जिथे तिथे ऐकावा लागतो. ठरलेला कालावधी पूर्ण करून सन्मानाने बाहेर पडला, हे व्यासपीठावरून स्पष्ट सांगा. सगळ्यांसमोर सांगितलं की तो प्रश्न बराचसा मिटतो.

उंबरठा
सभागृहाबद्दल. कृत्रिम पाय लावलेल्या माणसाला जिने चढणं जमतं, पण कठडा नसलेल्या तीन पायऱ्या दीडशे लोकांसमोर चढायला लावू नका. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण १:१२ धरतात. म्हणजे ६० सेंटिमीटर उंच व्यासपीठाला ७.२ मीटर लांब उतार लागतो, आणि तेवढी जागा बहुधा नसते. सोपा उपाय: बाराही जणांचा सन्मान खालीच, समोरच्या मोकळ्या जागेत करा. एकट्यालाच खाली थांबवणं तेवढं करू नका. रांगेत ताटकळतही ठेवू नका, फार वेळ उभं राहिलं की सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची खोबण, काचते.

आवाजाकडे फार दुर्लक्ष होतं. रायफलचा बार कानाशी १५० डेसिबलच्या पुढे जातो, आणि १४० च्या वरचा एकच आवाज कायमची इजा करू शकतो. म्हणून विशी-पंचविशीतही कानात सतत शिट्टी वाजणं, ‘स’, ‘श’सारखे अक्षरध्वनी निसटणं आढळतं. भाषण चालू असताना मागचं संगीत बंद ठेवा. ज्याला एका कानाने कमी ऐकू येतं, त्याची खुर्ची चांगला कान वक्त्याकडे येईल अशी लावा. फटाके, फुगे फोडणं, कागदी तुकडे उडवणाऱ्या नळ्या पूर्ण बाद. कडेची, भिंतीला पाठ असलेली, दाराजवळची काही जागा राखून ठेवा आणि कोणाला हवी ते आधीच विचारा. कारण विचारू नका.

पायवाट
फार उपयोगी, मनापासून आभार. अनुभवकथन ठेवावं का? आणि ‘पुढे उपयोग’ म्हणजे नेमकं काय करता येईल?

कूच
ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, दहा मिनिटं, विषय त्याचा. श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठीवर घ्या आणि निवडून वाचा. खुला माईक दिला की कोणीतरी ‘किती मारले?’ विचारतोच. मुलाखतकाराने प्रशिक्षणातला सर्वांत कठीण आठवडा, सोबत्याकडून शिकलेलं काम, असे प्रश्न घ्यावेत. नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नये.

जोडकाम
दुसऱ्या दिवशी सकाळचे चार तास नोकरीसाठी द्या, सन्मानचिन्हापेक्षा हे मोलाचं ठरेल. पहिले दोन तास बायोडाटा. ‘सेक्शन कमांडर’ लिहिलं की भरती करणाऱ्याला काही कळत नाही. ‘दहा जणांच्या गटाचं रोजचं नियोजन, प्रशिक्षण, सुरक्षा आणि साहित्याचा हिशेब’ असं लिहिलं की कळतं. स्टोअर सांभाळणारा म्हणजे साठा व्यवस्थापन, ताफा नेणारा म्हणजे वाहतूक नियोजन.

नंतर मुलाखतीचा सराव. इथे हमखास अडतं ते ‘आम्ही’ या शब्दावर. सैन्यात श्रेय तुकडीचं असतं, त्यामुळे ही मुलं ‘आम्ही पूल बांधला’ म्हणून थांबतात. ‘त्यात तुझ्या हातात काय होतं?’ असं खोदून विचारा आणि ते वाक्य लिहून घ्या.

उरलेल्या वेळात प्रत्येकाला तीन माणसं भेटवा, प्रत्येकी वीस मिनिटं. बोलावलेल्या कंपन्यांना अट घाला की प्रत्यक्ष रिकामी पदं घेऊन या. नुसती सुरक्षारक्षकाची पदं असतील तर स्पष्ट नाही म्हणा. इंजिन दुरुस्ती, रेडिओ, प्रथमोपचार येणाऱ्या माणसाला गेटवर बसवणं ही कदर नव्हे. सैन्यातली प्रमाणपत्रं बाहेर कशाच्या बरोबरीची धरली जातात, हे आधीच तपासून ठेवा, नाहीतर चांगला मेकॅनिक पहिल्या चाळणीतच गळतो.

प्रत्येकासोबत त्याच क्षेत्रातला एक जाणता माणूस वर्षभरासाठी जोडा. पहिले तीन महिने दर आठवड्याला फोन, नंतर महिन्याला. पहिल्या नोकरीत रुजणं याच काळात अवघड जातं, कारण सोबतीला तुकडी नसते. झोप उडालीय, दारू वाढलीय, फोन उचलत नाही असं दिसलं तर जाऊन भेटा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने तसं डोक्यात भरत नाही. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा. जोडलेल्या बाराही माणसांना ही सूचना पहिल्याच बैठकीत द्या.