सिस्टरांचा थकवा फॉर्मवर मोजून काय हाती लागणार?

तापीकाठची (वॉर्ड सिस्टर, जळगाव जिल्हा): माझं मत स्पष्ट आहे. नर्सिंग स्टाफच्या बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पार पिळून निघण्याची, मोजणी प्रत्येक मोठ्या रुग्णालयात दरवर्षी झालीच पाहिजे. नातेवाईक म्हणतात सिस्टर खेकसतात, ऑफिस म्हणतं ॲटिट्यूड आहे. मोजमाप नाही म्हणून सगळा दोष बाईच्या स्वभावावर जातो. मास्लाक आणि जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजायला २२ प्रश्नांची मापनपट्टी तयार केली. तिच्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात: भावनिक थकवा, पेशंटबद्दल आलेला कोरडेपणा आणि आपल्या हातून काही चांगलं घडतंय ही जाणीव. दमलेली पण कामात जीव असलेली सिस्टर आणि चार्टवरून नजर न उचलता उत्तर देणारी सिस्टर, दोघींना एकच औषध चालणार नाही.

धुळेकर ब्रदर: ताई, नाही पटत. नर्सिंग कौन्सिलचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स, शिकवणी रुग्णालयात तिघांमागे एक. नाईटला एकट्या सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो, हे कळायला २२ प्रश्न कशाला? रोस्टर मोजा, रिकाम्या जागा मोजा.

मी होतो तिथे असा फॉर्म आला होता. सकाळी पुढच्या शिफ्टला ओव्हर (वॉर्डची माहिती) देण्याच्या गडबडीत वाटला. वर नाव आणि एम्प्लॉयी कोड, इन्चार्ज टेबलाशी उभ्या. माझ्या शेजारच्या कंत्राटी मुलीने वाचलंसुद्धा नाही. सगळीकडे 'कधीच नाही'वर खूण केली आणि इमर्जन्सी ट्रेमधल्या ॲम्प्युल मोजायला लागली. करार संपत आलेला, ती दुसरं काय लिहिणार? निष्कर्ष निघाला, स्टाफ समाधानी. वर तणावमुक्तीचं व्याख्यान ठेवलं, तेही नाईट उतरलेल्यांना थांबवून घेऊन.

यावलकर: माझी आई महिनाभर ॲडमिट होती, सिस्टरांचे कष्ट पाहिलेत. तरी विचारतो. मे महिन्यात केळीच्या बागेत राबणारा मजूर दमत नाही का? त्याचा फॉर्म कोण भरतं? जागतिक आरोग्य संघटनासुद्धा बर्नआउटला आजार मानत नाही.

तापीकाठची: मजुराचंही मोजा भाऊ, माझा विरोध नाही. संघटनेचं मात्र अर्धंच सांगितलंत. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे संघटनेच्याच आजारांच्या वर्गीकरणात, बर्नआउट आजार नाही, कामाशी जोडलेली अवस्था आहे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी. म्हणजे सिस्टरला गोळी देऊन भागत नाही, काम बदलावं लागतं.

आणि ब्रदर, नाव लिहून घेतलेल्या फॉर्मला मी मोजमाप म्हणतच नाही. पण नुसत्या रोस्टरने कोणी हलत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांवर नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन यांचा अभ्यास २००२ मध्ये आला. नर्समागे पेशंट किती आणि बर्नआउट किती, दोन्ही आकडे शेजारी ठेवले तेव्हा दिसलं, की नर्समागे एक पेशंट वाढला की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते, आणि ऑपरेशननंतर ३० दिवसांत पेशंट दगावण्याची ७ टक्क्यांनी. हे वाचल्यावर प्रशासनाला 'सिस्टर कुरकुर करतात' म्हणता येत नाही.

सातपुड्याकडची (अक्कलकुवा भाग): तुमची भांडणं मोठ्या दवाखान्यांची. आमच्या आरोग्य केंद्रात चार जणींचा स्टाफ, नाव नाही लिहिलं तरी कोणाचा फॉर्म ते कळतंच. आकडे जिल्ह्याचे एकत्र करा, केंद्रवार लावू नका. आणि मास्लाकऐवजी कोपनहेगनची बर्नआउट मापनपट्टी घ्या. १९ प्रश्न आहेत, फुकट वापरता येते, आणि स्वतःचा, कामाचा व पेशंटमुळे येणारा थकवा तिच्यात वेगळा निघतो. आम्हाला पेशंट दमवत नाहीत. भर पावसात रेफर केलेल्या बाळंतिणीबरोबर अँब्युलन्समधून नंदुरबारला जायचं, रात्री परतायचं आणि सकाळी ओपीडीला उभं राहायचं, ते दमवतं. शिवाय जी सोडून गेली तिला कोण विचारतं? उरलेल्यांचाच आकडा काढाल तर तो नेहमी बराच दिसणार.

धुळेकर ब्रदर: सोडून गेलेल्यांचं ताईंनी बरोबर पकडलं. माझा विरोध अजून तसाच आहे, पण या अटींवर फॉर्म भरेन. फॉर्म रुग्णालयाच्या कोणी गोळा करायचे नाहीत. वर्षभरात किती जणांनी नोकरी सोडली तो आकडा सोबत द्यायचा. आणि निकाल लागेल त्याच दिवशी, त्याच नोटीस बोर्डावर, मंजूर पदं किती आणि भरलेली किती हेही लावायचं. यातलं एक जरी गाळलं तरी माझा फॉर्म कोरा जाईल.