क्षमा केली म्हणजे खटला मागे घ्यायचा का?

गुरुवारपेठकर
उत्तम शुक्रवारच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर उपदेश होतो. त्यातला पहिला, 'हे बापा, त्यांना क्षमा कर.' माझ्या मते ही क्षमा बिनशर्त आहे. खिळे ठोकणाऱ्यांनी कुठे पश्चात्ताप केला होता? आणि हे आपल्या देशातही घडलंय. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जिवंत जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारिपद्यात कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. वैऱ्यावर प्रीती ती हीच.

वानवडीची_लेक
दादा, ग्लॅडिसबाईंपुढे मीही हात जोडते. पण त्यांना कुणी 'क्षमा करच' म्हणून बसवलं नव्हतं. माझ्या बहिणीला नवरा मारायचा. येशूचा शिष्य पेत्र यानं विचारलं, सात वेळा क्षमा करू का, आणि प्रभू म्हणाला साताच्या सत्तर वेळा. हे वचन ऐकवून आमच्या चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तिला दोनदा सासरी धाडलं. त्याला मात्र कुणी चकार शब्द विचारला नाही. क्षमेचा उपदेश मार खाणाऱ्यालाच का? मला याची चीड येते, आणि ती पाप आहे असं मी मानणार नाही.

गुरुवारपेठकर
ताई, चीड रास्त आहे. त्या वडीलधाऱ्यांनी अर्धाच अध्याय वाचला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात पेत्राच्या प्रश्नाआधीच सांगितलंय: अपराध्याला एकांतात त्याची चूक दाखव, नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर घे, मग मंडळीला सांग, तिचंही ऐकलं नाही तर तो परका. ग्लॅडिसबाईंच्या क्षमेनं खटलाही थांबला नाही. या हत्याकांडातला मुख्य आरोपी दारा सिंग याची फाशी २००५ मध्ये उच्च न्यायालयानं जन्मठेपेवर आणली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती जन्मठेप कायम केली.

सदाशिव_पेठ_३०
मी ख्रिस्ती नाही, पण बिनशर्त क्षमेला माझा विरोध आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीतल्या गुन्ह्यांसाठी नेमलेल्या आर्चबिशप टुटूंच्या सत्य व सलोखा आयोगापुढे खरं सगळं सांगितलं की माफी मिळू शकत होती. पश्चात्तापाची अट नव्हती. पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या, वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या स्टीव्ह बिकोच्या घरच्यांनी या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिलं, १९९६ मध्ये ते फेटाळलं गेलं. ज्याचा माणूस गेला त्याच्या वतीनं क्षमा करणारे आपण कोण? नाठाळाला काठी दाखवायला आपल्या संतांनीही संकोच केला नाही.

गुरुवारपेठकर
दुसऱ्याच्या वतीनं क्षमा करता येत नाही, हे मान्य. पण पश्चात्तापाची अट घातली की माझं मन अपराध्याच्या ताब्यात गेलं. तो कधीच झुकला नाही तर मी जन्मभर जळत राहायचं? वैरी भुकेला असेल तर त्याला खाऊ घाल, असं प्रेषित पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात सांगतो. तिथे प्रेम वाटण्याची सक्ती नाही, कृती सांगितली आहे.

वानवडीची_लेक
मग खाऊ घालणं तुरुंगाच्या गजांतूनही होतं. बहीण आता आमच्याकडे आहे, तक्रार दाखल आहे, आणि ती रोज त्याच्यासाठी प्रार्थनाही करते. मला ती प्रार्थना जमत नाही आणि मी करणारही नाही. पण तक्रार मागे घ्यायला सांगायला कुणी बायबल घेऊन आलं, तर मत्तय १८ मी पंधराव्या वचनापासून वाचून दाखवीन.