बारच्या भटारखान्यात दिसते ते कोणाला आणि कसे सांगावे?

गल्ल्यावरून (प्रश्न)

मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गेले पाच महिने आमच्या गावातील एका परमिट रूममध्ये संध्याकाळी सहापासून बारापर्यंत गल्ला सांभाळतो. माझ्या खुर्चीमागचे दार भटारखान्यात उघडते, त्यामुळे गिऱ्हाइकाला जे कधीच दिसत नाही ते मला रोज दिसते.

बर्फाची लादी टेम्पोतून उतरते ती गोणपाटासकट मोरीशेजारच्या फरशीवर. तिथेच ती फोडतात, आणि त्याच ढिगातला बर्फ मासळीच्या पेटीतही जातो आणि ग्लासातही. टेबलावरून परत आलेले शेंगदाणे आणि चणे ‘हात लागलेला नाही’ असे म्हणून पुन्हा बरणीत पडतात. दुपारी एकला शिजवलेला भात पातेल्यात झाकून ओट्यावरच राहतो आणि रात्री दहाला त्याचा जीरा राइस होतो. विजेचे बिल वाचावे म्हणून दोनपैकी एक फ्रिज रात्री बंद केला जातो. झुरळांविषयी तर बोलायलाच नको. वस्तादांच्या, म्हणजे आमच्या मुख्य आचाऱ्यांच्या, बोटाला गेल्या आठवड्यात गळू झाले होते. त्यावर चिंधी बांधून ते कोथिंबीर चिरत होते.

मला दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. यातले नुसते किळसवाणे काय आणि खरोखर धोक्याचे काय? आणि तक्रार करायची झाली तर ती कशी करावी, कारण पहिला संशय माझ्यावरच येणार हे उघड आहे. वस्ताद मला मुलासारखे वागवतात आणि त्यांची नोकरी जावी अशी माझी मुळीच इच्छा नाही.

खानावळवाला

माझी स्वतःची खानावळ आहे, तेव्हा मालकाच्या बाजूनेही थोडे लिहितो. चकणा परत बरणीत टाकणे ही निव्वळ हाव आहे, तिचे समर्थन कोणीही करू नये. पण बाकीच्या बऱ्याच गोष्टी हावेपेक्षा जागेच्या आणि वेळेच्या टंचाईतून घडतात. आठ बाय दहाच्या भटारखान्यात तीन शेगड्या, दोन फ्रिज आणि चार माणसे असली, की कच्ची कोंबडी आणि शिजवलेली ग्रेव्ही एकाच कप्प्यात जाऊन बसतात. शिवाय आपल्याकडे मोरीवर भांडी घासणाऱ्या मुलाला सगळ्यांत कमी पगार असतो आणि तो तीन महिन्यांत निघून जातो. हॉटेलची स्वच्छता मात्र बहुतांशी त्याच्याच हातात असते. मी त्याचा पगार वेटरच्या बरोबरीने केला, तेव्हा शेजारचे हॉटेलवाले मला हसले होते.

भाताबाबत सांगायचे तर उरलेला भात आम्ही पसरट परातींमध्ये काढून पंख्याखाली लगेच गार करतो आणि फ्रिजमध्ये ठेवतो. खोल पातेल्यातला भात मध्यभागी कित्येक तास कोमट राहतो. यासाठी चार पराती सोडल्या तर काहीही खर्च येत नाही.

सूक्ष्मदर्शक

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की आपण ज्याविषयी ‘बोलायलाच नको’ म्हटलेत ती झुरळे माझ्या यादीत भात, बर्फ आणि वस्तादांचे बोट यांच्या खाली येतात. झुरळ जंतू वाहून नेते, यात शंका नाही. परंतु ते दिसते म्हणून आपल्याला जास्त भयंकर वाटते, आणि कोमट भात पांढराशुभ्र दिसतो म्हणून त्याचे भय वाटत नाही.

तांदळात बॅसिलस सिरिअस या जिवाणूचे बीजाणू मुळातच असतात आणि भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात पाच ते साठ अंश सेल्सिअसच्या दरम्यान तासन्‌तास राहिला, की ते रुजतात आणि वाढतात, आणि त्यांच्यापैकी काही वाण उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष इतके चिवट असते, की रात्री कढईत जिऱ्याच्या फोडणीवर कितीही परतले तरी ते नष्ट होत नाही. म्हणून ‘पुन्हा गरम केले की झाले’ हा हॉटेलांतला आणि आपल्या घरांतलाही समज येथे उपयोगाचा नाही. गळवाचेही तेच आहे. त्यातला पू बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरिअसचा असतो, आणि त्याचे विषही उकळण्याला दाद देत नाही. कोथिंबीर तर वरून कच्चीच भुरभुरतात, म्हणजे तिथे उष्णतेचा प्रश्नच उद्भवत नाही.

बर्फाविषयी एक गैरसमज खोडून काढते, कारण तो परमिट रूममध्ये हमखास ऐकू येतो: ‘दारूत जंतू मरतात.’ आपल्याकडच्या व्हिस्कीत मद्यार्क साधारण ४२.८ टक्के असतो. तीस मिलिलिटरच्या पेगात नव्वद मिलिलिटर सोडा आणि पाणी घातले, की तो अकरा टक्क्यांच्याही खाली येतो, आणि बर्फ वितळेल तसा आणखी उतरतो. हात निर्जंतुक करण्याच्या द्रावणात तो किमान ६० टक्के लागतो, यावरून अंदाज करावा. गोठवल्यानेही विषमज्वराचे जंतू किंवा काविळीचे विषाणू खात्रीने मरत नाहीत.

निवृत्त अधिकारी

मी अन्न सुरक्षा अधिकारी म्हणून काम करून निवृत्त झालो आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९५४ च्या जुन्या कायद्याचे नावच अन्नभेसळ प्रतिबंधाचे होते आणि आमची सगळी नजर नमुन्यावर असे. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला आणि त्याखालील नियमांच्या चौथ्या परिशिष्टात भटारखान्याची जागा, पाणी, निचरा आणि कामगारांची दरवर्षीची वैद्यकीय तपासणी हे सारे आले. हाताला जखम किंवा गळू असलेल्या माणसाने अन्न हाताळू नये, हेही त्यात आहे. तरीही खात्याची जुनी सवय पूर्ण गेली आहे, असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. नमुना घेणे, त्याचे चार भाग करणे आणि विश्लेषकाच्या चौदा दिवसांत येणाऱ्या अहवालाची वाट पाहणे, हे सगळे भेसळीसाठी ठीक आहे. फरशीवर फोडलेला बर्फ मात्र त्या वेळी तिथे पोहोचलेल्या अधिकाऱ्यालाच दिसतो.

म्हणून तक्रारीत ‘हॉटेल घाणेरडे आहे’ असे लिहू नका. अशी पत्रे आमच्या टेबलावर गठ्ठ्याने येत. बर्फ किती वाजता उतरतो, कोणता फ्रिज किती वाजता बंद होतो, भाताचे पातेले कोठे ठेवतात, हे लिहा, म्हणजे अधिकारी सकाळी अकराला जाऊन धुतलेली फरशी पाहून परतणार नाही. अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक बिलावर असतो, तो अवश्य द्या. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात किंवा ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या सरकारी ऑनलाइन तक्रार-सुविधेवर तक्रार करता येते. नाव गुप्त ठेवावे, अशी विनंती स्पष्ट शब्दांत करा. मात्र जे फक्त गल्ल्यावरूनच दिसते ते जसेच्या तसे लिहिल्यास नाव न देताही आपण ओळखले जाल, याचा विचार करून मजकूर निवडा. बर्फ आणि फ्रिज पुरेसे आहेत. बोटाचा उल्लेख गाळावा.

वस्तादांविषयीची आपली काळजी मला समजते. कलम ३२ खाली बहुधा प्रथम सुधारणेची नोटीस निघते आणि ती परवानाधारकाच्या नावे असते. अस्वच्छ स्थितीत अन्न तयार करण्याबद्दल कलम ५६ नुसार एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मालक तो राग आचाऱ्यावर काढणार नाही, याची हमी मात्र कोणताही कायदा देत नाही.

बर्फाबाबत एक गोष्ट पाहून ठेवा. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचे बंधन महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. आपल्याकडे येणारी लादी पांढरी असेल तर ती खाद्य बर्फ म्हणून विकली गेली आहे का, हे पावतीवर पाहता येईल, आणि पावत्या तर आपल्याच गल्ल्यात असणार.

कार्डिफकर

विद्यार्थी असताना मी येथील, म्हणजे वेल्समधील कार्डिफच्या, एका पबच्या किचनमध्ये काम केले. पडद्यामागे सगळे आलबेल होते असे नाही: बर्फाच्या यंत्रात बुरशी होती आणि तारखांच्या चिठ्ठ्या बदलताना मी पाहिले आहे. फरक एवढाच, की वेल्समध्ये २०१३ पासून शून्य ते पाच हा स्वच्छतेचा गुण दारावर लावणे कायद्याने सक्तीचे आहे. इंग्लंडमध्ये अजून ते ऐच्छिक आहे. वेल्सच्या या कडकपणामागे २००५ ची घटना आहे. कच्च्या आणि शिजवलेल्या मांसासाठी एकच पॅकिंग यंत्र वापरणाऱ्या खाटकाकडून शाळांना मांस गेले, दीडशेहून अधिक लोकांना ई. कोलाय या जिवाणूची बाधा झाली आणि पाच वर्षांचा एक मुलगा दगावला. आमच्या मॅनेजरला दंडापेक्षा त्या दारावरच्या आकड्याचीच धास्ती जास्त असे.

गल्ल्यावरून

सर्वांचे मनापासून आभार. पावत्या चाळल्या. बर्फाच्या पावतीवर फक्त ‘लादी २’ आणि रक्कम आहे. पुरवठादाराचा परवाना क्रमांक कोठेही नाही. लादी पांढरीच येते. भाताचे मी काल वस्तादांशी थेट बोललो. त्यांनी आधी ‘तीस वर्षे हेच करतोय’ असे सुनावले आणि मग माळ्यावरून दोन मोठ्या पराती काढायला लावल्या. फ्रिज आणि बर्फ हे मात्र त्यांच्या हातातले नाही, असे त्यांनीच सांगितले, म्हणून त्या दोन गोष्टींची तक्रार या आठवड्यात करतो आहे. परीक्षा पुढच्या महिन्यात असल्याने नोकरी तशीही सुटणारच आहे.