वारीच्या वाटेवरची अनोळखी माणसं : तुमचे अनुभव लिहा

आळंदी ते पंढरपूर हा रस्ता सुमारे २५० किलोमीटरचा. दिंडीत असलात तर भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरलेली असते, सामान ट्रकमध्ये असतं, जेवणाची वेळ ठरलेली असते. म्हणजे वरवर पाहता कुणाचे उपकार घ्यायची वेळ येऊ नये. पण चाललेल्या माणसाला विचारा, रोज कुठेतरी अडतंच आणि ते कुणीतरी तिऱ्हाईत निस्तरतो. त्या तिऱ्हाइतांबद्दल लिहा. दर्शनाचं, रिंगणाचं वर्णन भरपूर वाचलंय, ते इथे नको. मंडळांची आभारपत्रंही नकोत. माझं एक मत आधीच सांगून टाकतो: पुण्यात केळी आणि बिस्किटांचे पुडे इतके मिळतात की पिशवीत मावत नाहीत. माणसं कळायला लागतात ती फलटणच्या पुढे.

पुण्याहून, पहिल्यांदा चालले तेव्हाचं

बायकांचं अडतं ते आंघोळीला आणि त्याच्या आधीच्या कामाला. दिवसभर पाणी बेतानं पिणाऱ्या कितीतरी जणी पाहिल्या, कारण एकच. आता फिरती शौचालयं असतात, पण पहाटेची रांग बघून पोटात गोळा येतो. बरडच्या मुक्कामाला शेजारच्या पालातल्या एका मावशींनी मला हलवून उठवलं, "चल, एक घर आहे." काळोखात बांधावरून गेलो. अंगणात वायर ओढून बल्ब टांगलेला. गोठ्याच्या कडेला चार बांबू रोवून भोवती जुन्या साड्या गुंडाळलेल्या, आत फरशीचा तुकडा, शेजारी बंब पेटलेला. घरातली बाई माझ्याहून लहानच असेल. बंबात जळण सारता सारता प्रत्येकीला एकच प्रश्न, "डोक्यावरून का अंगावरून?" डोक्यावरून असेल तर दोन बादल्या.

आत बांबूला खिळा ठोकून त्याला एक पायमोजा लटकवला होता आणि मोज्यात साबण. चिखलात पडायला नको म्हणून. हे कुणाला सुचतं? मी पैसे पुढे केले तर म्हणाली, "त्यापरीस ह्या आजीला आत धरा, फरशी निसरडी हाय." धरलं. आजी कोण, कुठल्या दिंडीतली, मला आजही माहीत नाही. पाठ मात्र मी तिची चोळून दिली आणि तिनं माझी.

माळशिरस तालुक्यातून

आमच्या ओसरीवर ठरलेली दिंडी नाही उतरत. ज्याला पाऊस गाठेल तो येतो. हल्ली लोकांना भाकरीपेक्षा मोबाईल चार्ज करायची घाई जास्त. आम्ही दोन बोर्ड लावतो. सगळे फोन सारखेच दिसतात, म्हणून बायको प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधते आणि तसलीच चिंधी मालकाच्या मनगटाला. भांडण नाही, अदलाबदल नाही.

असेच एकदा जालन्याकडचे चार जण भिजून आले होते. रात्रभर थांबले, जाताना मुलाच्या वहीत नंबर लिहून गेले. नंतर ना त्यांचा फोन ना आमचा. २०२० ला पालख्या पायी निघाल्याच नाहीत, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. रस्ता असा मोकळा कधी बघितला नव्हता. त्या दिवसांत अचानक जालन्याहून फोन. "घरी सगळी नीट हायेत ना? माल उठतोय का शेतातला?" मी म्हटलं, उठत नाही. तर त्यांनी तिकडचा कुणी व्यापारी गाठून त्याला आमचा नंबर दिला. सौदा जमला नाही, ती गोष्ट वेगळी. पण एका रात्रीच्या ओळखीवर एवढी खटपट आमच्या भावकीतही कुणी केली नव्हती!

दोनच ओळी

तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला की एवढा जनसमुदाय चिडीचूप होतो, आणि मग हरवलं-सापडलं पुकारतात. एकदा कवळी पुकारली. रस्त्यात पडलेली कवळी कुणीतरी उचलून, धुऊन, तळापर्यंत आणून दिली होती. त्यापुढे माणूसजातीबद्दल माझी तक्रार नाही.

वैद्यकीय पथकात होतो

दिवेघाट चढून आल्यावर सासवडला आमच्या तंबूपुढे नुसते पाय दिसतात. फोडातून सुईदोरा ओवायचा जुना उपाय बरेच जण करून आलेले असतात. त्यात जंतू शिरतात, म्हणून आम्ही दोरा काढून, जखम धुऊन पट्टी करतो आणि फोडावरची कातडी तशीच ठेवा म्हणून बजावतो. ऐकतात की नाही विठ्ठलाला ठाऊक. गंमत अशी की स्वतःचं दुखणं कुणी सांगत नाही. "ह्यांचं बघा आधी" म्हणत मागच्याला पुढे ढकलतात, आणि हा मागचा त्यांच्या ओळखीचाही नसतो. एका बाबांची पट्टी झाली तरी ते हलेनात. विचारलं तर म्हणाले, "सकाळधरनं उभा हायेस, बस की." आणि बोचकं माझ्या मागे सरकवलं. बसलो. तेवढ्यात माझं पाऊल मांडीवर घेऊन ते चेपायलाही लागले. सोडवून घेईपर्यंत रांगेतले सगळे हसत होते.

सदाशिव पेठ

धागाकर्त्याचा केळ्यांवरचा राग पटला नाही. वाटणाऱ्याला जे जमतं ते तो वाटतो. पण सालं कोण उचलतं तेही इथे यायला हवं. पालखी पुढे सरकली की लगेच सफाई कामगार रस्त्यावर उतरतात. त्यांचा फोटो कुणी काढत नाही. गेल्या खेपेला मागे राहिलेल्या एका वारकरी बाईनं टाळ कमरेला खोचले, झाडणाऱ्या ताईंच्या हातातला खराटा घेतला आणि त्यांना चहा पिऊन यायला सांगितलं. ताई चहा पिऊन आल्या, खराटा परत घेतला, बाई पुढे गेल्या. "बरं", "हो" याच्यापलीकडे काही बोलणं झालं नाही.

परतीचं कुणीच लिहिलं नाही म्हणून

द्वादशीला पंढरपूरचा एसटी स्टँड बघा. तिथे माउली-माउली जरा बाजूला पडतं. बार्शी गाडी लागायच्या आत लोकांनी खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या टाकलेल्या. एक पोरगा तर खिडकीतूनच आत शिरला आणि जागेवर आडवा झाला. मी मनात म्हटलं, हा असला वारकरी. गर्दी आत आल्यावर तो उठला आणि दाराशी चेंगरत असलेल्या एका म्हातारीला हाक मारली, "आजी, इकडं या, तुमची जागा धरलीय." ती त्याला ओळखत नव्हती, हे तिच्या तोंडावरच दिसत होतं. कुर्डुवाडीपर्यंत तो उभा. तिथे शेजारची सीट रिकामी झाली, तेव्हा आजीनं दुसऱ्या कुणालाही टेकू न देता त्याला ओढून बसवलं. वर तिचं बोचकं त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आता बार्शीपतुर नीट धर. आत चुरमुऱ्याचा परसाद हाय, चुरा करशील."