शब्दचर्चा : ‘अम्ल फ्लोराइड’ की ‘अ‍ॅसिल फ्लोराइड’?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर येथील एक प्राध्यापिका)

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी मी मराठीत टिपणे तयार करीत आहे. कार्बॉक्सिलिक अम्लातील हायड्रॉक्सिल (OH) गटाच्या जागी फ्लोरीन आलेल्या संयुगाला काय म्हणावे, हा प्रश्न आहे. ‘अम्ल क्लोराइड’ हा शब्द वर्गात रुळलेला असल्याने त्याच धर्तीवर ‘अम्ल फ्लोराइड’ लिहावे, की ‘अ‍ॅसिल फ्लोराइड’ हेच नाव ठेवावे? दुसरी शंका अशी की, हे संयुग क्लोराइडापेक्षा ‘स्थिर’ आहे असे लिहिले की विद्यार्थी त्याचा अर्थ ‘निष्क्रिय’ असा घेतात. येथे कोणता शब्द योजावा?

उत्तर (शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक रसायनज्ञ)

मॅडम, ‘अम्ल क्लोराइड’ चालते, कारण त्या नावाने ओळखला जाणारा दुसरा पदार्थ प्रयोगशाळेत नसतो. फ्लोराइडाच्या बाबतीत मात्र घोटाळा होतो. पोटॅशियम हायड्रोजन फ्लोराइड या क्षाराला जुन्या पद्धतीने पोटॅशियमचे ‘अम्ल फ्लोराइड’ म्हणता येते, आणि नेमका हाच क्षार आपल्या संयुगाच्या निर्मितीत वापरला जातो. अलेक्झांडर बोरोदिन याने १८६२ मध्ये बेंझॉइल क्लोराइडावर या क्षाराची विक्रिया करून बेंझॉइल फ्लोराइड मिळवले. (संगीतकार म्हणून जग ज्याला ओळखते तोच हा बोरोदिन, त्याचा पेशा रसायनशास्त्राचा होता.) आता हे वाक्य तुमच्या पहिल्या पर्यायाने लिहून पाहा : ‘अम्ल क्लोराइडावर अम्ल फ्लोराइडाची विक्रिया केल्यास अम्ल फ्लोराइड मिळते.’ विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? कार्बॉक्सिलिक अम्लातून हायड्रॉक्सिल गट काढल्यावर जो भाग उरतो तो अ‍ॅसिल गट. म्हणून ‘अ‍ॅसिल फ्लोराइड’ म्हटले की रेणूची बांधणी नावातच येते, आणि हे संयुग स्वतः अम्ल आहे असा समजही होत नाही.

‘फ्लोरिनीकरण’ हा शब्दही मी जपून वापरीन. क्लोरीन जाऊन फ्लोरीन येतो त्या विक्रियेला ‘हॅलोजन विनिमय’ म्हणावे. अम्लापासून थेट अ‍ॅसिल फ्लोराइड करताना, म्हणजे पिरिडीन या आम्लारीच्या सान्निध्यात सायन्यूरिक फ्लोराइड (ट्रायअझिन या कार्बन-नायट्रोजनच्या वलयावर फ्लोरीन असलेले संयुग) वापरताना, अम्लाचा ऋण आयन आधी ट्रायअझिन वलयातील कार्बनावर जाऊन तेथील फ्लोराइड बाहेर काढतो आणि मग तेच फ्लोराइड कार्बोनिल कार्बनावर, म्हणजे अम्लातील ऑक्सिजनाशी दुहेरी बंधाने जोडलेल्या कार्बनावर, येते. ऑक्सिजन वलयाला चिकटून राहतो. ही रीत जॉर्ज ओला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मांडली. येथे खरे तर ‘हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोरीन’ असे सरळ लिहिलेलेच बरे, कारण पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यालाही काही जण फ्लोरिनीकरणच म्हणतात.

पुन्हा विचारणा (प्राध्यापिका)

पहिला मुद्दा पटला. ‘स्थिर’ या शब्दाचे काय?

उत्तर (तेच रसायनज्ञ)

‘स्थिर’ हा शब्द कशाच्या संदर्भात, हे सांगितल्याशिवाय लिहू नये. फॉर्मिल फ्लोराइड वेगळे करून थंड ठेवल्यास साठवता येते, फॉर्मिल क्लोराइड मात्र सामान्य तापमानाला टिकत नाही. येथे ‘स्थिर’ अगदी योग्य आहे. पाण्याच्या बाबतीत ‘जलीय विच्छेदन मंद’ असे लिहावे. फ्लोरीनवरील इलेक्ट्रॉन-युग्म कार्बोनिलशी क्लोरीनपेक्षा चांगले जुळते, शिवाय कार्बन-फ्लोरीन बंधही बळकट असतो, म्हणून पाणी त्याला सावकाश फोडते. पण अमाइन (अमोनियापासून बनलेले नायट्रोजनयुक्त संयुग) समोर आले की हेच संयुग झपाट्याने अमाइड देते. पाण्याशी मंद आणि अमाइनशी तत्पर, या वागण्याला मी ‘निवडक’ म्हणेन. ‘निष्क्रिय’ तर मुळीच नाही.

पेप्टाइड-निर्मितीत, म्हणजे अमिनो अम्लांची साखळी जोडताना, या निवडकपणाचे मोल कळते. लुई कारपिनो या रसायनज्ञाच्या गटाने १९९० मध्ये एफमॉक-संरक्षित (एफमॉक हा नायट्रोजन तात्पुरता झाकणारा गट) अमिनो अम्लांची फ्लोराइडे वापरात आणली. पार्श्वशाखेवर तृतीयक ब्यूटिल संरक्षक असेल तर अशा अमिनो अम्लाचे क्लोराइड करणे जड जाते, कारण क्लोराइड करताना निर्माण होणाऱ्या अम्लाने तो गट सुटतो. फ्लोराइड मात्र करता येते. अमिनोआयसोब्यूटिरिक अम्लासारखी, जोडणीच्या जागेभोवती गटांची गर्दी असलेली अमिनो अम्ले जोडतानाही त्याचा उपयोग होतो.

पुरवणी (कोल्हापुरातील एक पदव्युत्तर विद्यार्थी)

सर, ‘उकळते’ या साध्या क्रियापदाकडेही टिपणात लक्ष वेधावे असे वाटते. अ‍ॅसिटिल क्लोराइड सुमारे ५१ अंश सेल्सिअसला उकळते, तर अ‍ॅसिटिल फ्लोराइड २० अंशांच्या आसपासच. म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत त्याची बाटली टेबलावर उघडली तर ते द्रवरूपात राहणारच नाही. बेंझॉइल फ्लोराइडही क्लोराइडाच्या आधी, १६० अंशांच्या सुमारास ऊर्ध्वपातित होते, त्यामुळे विनिमयानंतर दोन्ही वेगळे करणे सोपे जाते.

उत्तर (रसायनज्ञ)

हे नक्की घालावे. त्याशेजारीच एक इशाराही द्यावा : जलीय विच्छेदन मंद असले तरी त्यातून हायड्रोजन फ्लोराइड सुटते, आणि बोरोदिनच्या विक्रियेतही ते तयार होते. ते काच खाते आणि कातडीखाली खोल जाऊन भाजते. म्हणून असे काम प्लॅस्टिकच्या किंवा टेफ्लॉनच्या भांड्यात, धूरपेटीत आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल (अशा भाजण्यावरचा प्रथमोपचार) हाताशी ठेवूनच करावे. टिपणात या ठिकाणी ‘मंद’ हा शब्द एकटा ठेवू नये.