आयव्हीएफची इंजेक्शनं घरी स्वतः घ्यावीत का?

बार्शीची_लेक
माझं मत आधीच सांगते. घेता येतात, आणि बाईला ती घ्यायला नीट शिकवलंच पाहिजे.

आयव्हीएफ म्हणजे अंडी बाहेर काढून गर्भ तयार करायचा उपचार. क्लिनिक सोलापूरला, मी बार्शीला. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून अंडी वाढवायची इंजेक्शनं सुरू झाली, ती अकरा दिवस चालली. रोज संध्याकाळी जाऊन-येऊन एकशे चाळीस किलोमीटर शक्य नव्हतं, म्हणून पहिले दोन दिवस इथल्याच एका दवाखान्यात गेले. पोटाच्या कातडीखाली द्यायचं इंजेक्शन कंपाउंडर सवयीने कमरेत द्यायला निघाला. मी हात धरला म्हणून थांबला. औषधाचा डबा तोवर खिडकीपाशी उन्हात पडलेला.

तिसऱ्या दिवशी क्लिनिकच्या सिस्टरला व्हिडिओ कॉल लावला आणि तिच्यासमोर स्वतः घेतलं. साबणाने हात धुतले, पाण्याची अँप्युल कापसात धरून मोडली, पाणी पावडरच्या बाटलीत सोडलं. बाटली जोरात हलवायची नाही, तळव्यात हळू फिरवायची. तेच पाणी ओढून दुसऱ्या बाटलीत, मग तिसऱ्या. ७५ युनिटच्या तीन बाटल्या, म्हणजे माझा २२५चा डोस एका सिरिंजमध्ये. मग जाड सुई काढून बारीक लावली, बुडबुडा वर आणून काढला, बेंबीपासून दोन बोटं सोडून चिमूट धरली. चिमूट धरून किती तरी वेळ नुसती बसून होते. नवरा टॉर्च धरून उभा, कारण नेमकी लाइट गेलेली. टोचलं तेव्हा मुंगी चावल्याएवढंच दुखलं.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. एवढं महाग औषध हातात देतात आणि सोबतचा कागद इंग्रजीत. त्यात लिहिलेलं 'रूम टेंपरेचर' म्हणजे २५ अंशांपर्यंत. एप्रिलमध्ये आमच्या पत्र्याच्या घरात २५ अंश आणायचे कुठून? माझ्या जावेने तर काळजीपोटी डबा बर्फाच्या कप्प्यात ठेवला होता. गोठलं की ते औषध वाया जातं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

रात्रपाळी_सिस्टर
ताई, तुम्ही केलंत ते नीट केलंत. पण मी असहमत. चौदा वर्षं याच कामात आहे आणि मला सुईची भीती कधीच नव्हती, भीती घड्याळाची आहे.

रोजचं इंजेक्शन तासभर इकडे-तिकडे झालं तर निभतं. अंडी वेळेआधी फुटू नयेत म्हणून पाचव्या-सहाव्या दिवसापासून जे दुसरं इंजेक्शन सुरू होतं, ते चुकवून चालत नाही. आणि ट्रिगरला, म्हणजे अंडी पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनला, तर माफीच नाही. ट्रिगरनंतर ३४ ते ३६ तासांनी अंडी काढायची असतात. लवकर काढली तर ती पिकलेली नसतात, उशीर झाला तर फुटून गेलेली असतात.

आमच्या एका पेशंटला निरोप गेला, "मंगळवारी रात्री साडेबारा". आमच्या मनात होती सोमवारची रात्र उलटल्यावरची वेळ. ती मंगळवारी रात्री जेवून, जागी राहून, घड्याळ लावून बसली आणि बरोब्बर साडेबाराला घेतलं. पूर्ण एक दिवस उशिरा. सकाळी तिने फोन केला म्हणून कळलं आणि पिकअप, म्हणजे अंडी काढणं, एक दिवस पुढे नेता आलं. न सांगता आली असती तर? चूक तिची नव्हती, निरोपाची होती. पण ती आमच्यासमोर बसलेली असती तर झालीच नसती.

धाराशिवकर
मी सिस्टरांच्या बाजूने. बायकोला पीसीओडी (अंडाशयाचा हार्मोनचा त्रास), वय २७, एएमएच (अंडी किती शिल्लक आहेत त्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) खूप जास्त. इंजेक्शनं सगळी मीच घरी दिली. चोवीस अंडी निघाली तेव्हा आम्हाला वाटलं, जिंकलो.

चौथ्या दिवशी तिच्या परकराची नाडी बांधता येईना. पोट टम्म. आईने ओव्याचं पाणी दिलं, मी गॅसची गोळी आणली. संध्याकाळी ती म्हणाली, आज दिवसभरात एकदाच लघवीला गेले. रात्री आडवं झालं की धाप लागायला लागली. दवाखान्यात नेईपर्यंत तीन दिवसांत चार किलो वजन वाढलेलं. पोटातलं पाणी सुई घालून काढावं लागलं, सहा दिवस अॅडमिट. डॉक्टरांनी तेव्हा नाव सांगितलं, ओएचएसएस, म्हणजे इंजेक्शनांनी अंडाशय नको तेवढे फुगणं. ते नाव त्याआधी आम्ही ऐकलंसुद्धा नव्हतं.

इंजेक्शन घरी आलं की सगळंच घरगुती वाटायला लागतं. रोज एखाद्या सिस्टरने तिला पाहिलं असतं तर इतकं थांबलो नसतो.

बार्शीची_लेक
धाराशिवकर दादा, वाचताना घशात आवंढा आला. वहिनी आता बऱ्या असोत.

पण एक सांगू? त्रास झाला तो अंडी काढल्यावर, चौथ्या दिवशी. तोवर इंजेक्शनं संपली होती. रोज क्लिनिकला गेला असतात तरी त्या दिवशी तुम्ही घरीच असता. तुम्हाला हवा होता तो मराठीत लिहिलेला एक कागद: रोज सकाळी वजन करा, दिवसात किलोभर वाढलं, लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात, दम लागला किंवा पोटरी सुजून दुखली तर रात्री-बेरात्रीसुद्धा या नंबरवर फोन करा. हा कागद न देणं ही चूक आहे, आणि ती तुमची नाही.

रात्रपाळी_सिस्टर
हे मान्य. आणि दादा, एक भर घालते. पीसीओडी आणि एएमएच जास्त असलेल्या बाईला हा धोका जास्त असतो, हे आधीच माहीत असतं. एचसीजी या गरोदरपणातल्या हार्मोनचा ट्रिगर शरीरात बरेच दिवस टिकतो आणि अंडाशय फुगवत राहतो. अशा पेशंटमध्ये बऱ्याचदा दुसऱ्या प्रकारचा ट्रिगर देतात, जो लवकर उतरतो, आणि सगळे गर्भ गोठवून ठेवतात. लगेच गर्भाशयात गर्भ सोडून दिवस राहिले तर शरीराचं स्वतःचं एचसीजी सुरू होतं आणि त्रास चिघळतो. पुढच्या वेळी सोनोग्राफीत फॉलिकल (अंड्यांच्या पिशव्या) जास्त दिसले की, "ट्रिगर कुठला देणार?" असं तुम्हीच विचारा. विचारल्याचा राग यायला नको कोणाला.

दादर_पश्चिम
वयाने सगळ्यांत मोठी मीच असेन. १९८६च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी हर्षाचा जन्म झाला, डॉ. इंदिरा हिंदुजांचं नाव घरोघरी पोचलं, आणि पुढे काही वर्षांनी मीही त्या वाटेला गेले. तेव्हा औषध भरलेलं इंजेक्शनचं पेन नव्हतं. रोज लोकलने जायचं, कमरेत सुई घ्यायची, तशीच ऑफिसला. उभं राहवत नसे. कारण कोणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून रोज नवी थाप. घरी, दार लावून, आपल्या हाताने घेता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! ती काढून घेऊ नका.

नवी_आयडी
माझं परवापासून सुरू होतंय. नणंदेचं पेन अर्धं उरलंय, फ्रीजमध्येच आहे, औषध तेच लिहून दिलंय. वापरू का? खर्च झेपत नाहीये, खरंच.

औषध_दुकान
नको. पैशाची ओढाताण मी रोज काउंटरवर बघतो, तरी नकोच म्हणेन. पेन एकदा वापरायला काढलं की साधारण २८ दिवसांत टाकायचं असतं, नेमकी मुदत त्याच्या कागदावर असते. सुई बदलली तरी एकाचं पेन दुसऱ्याने वापरायचं नाही, रक्तातून पसरणारे आजार जाऊ शकतात. शिवाय लाइट गेल्यावर ते किती तास गरम झालं ते कोणाला ठाऊक? डोस कमी पडला तर सोनोग्राफीत फॉलिकल वाढताना दिसणार नाहीत आणि पूर्ण सायकलचे पैसे बुडतील. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की झेपत नाही. पेनऐवजी पावडरच्या बाटल्या बऱ्याचदा स्वस्त पडतात, चालतील का ते त्यांनाच ठरवू द्या. आणि वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात जमवा, घंटागाडीत सुट्या टाकू नका.

रात्रपाळी_सिस्टर
नवी_आयडी, पहिली दोन इंजेक्शनं सिस्टरसमोर घ्या, मग घरी. बार्शीच्या ताईंसाठी एवढी मागे सरकते. ट्रिगर मात्र दवाखान्यातच, यावरून हलणार नाही.

बार्शीची_लेक
माझ्या ट्रिगरची वेळ होती रात्री साडेदहा. सोलापूरला घेतला असता तर परत यायला गाडी नव्हती. घरी घेतला, दोन अलार्म लावले, रिकाम्या बाटलीचा वेळेसकट फोटो सिस्टरला पाठवला. पुन्हा वेळ आली तर तुमचं ऐकून इथल्या मोठ्या हॉस्पिटलच्या सिस्टरकडून घेईन, पण क्लिनिककडून वार, तारीख, वेळ आणि 'पोटात की कमरेत' हे चिठ्ठीवर लिहून घेऊनच. तेवढं लिहून द्याल तुम्ही लोक?

रात्रपाळी_सिस्टर
उद्या ड्यूटीवर गेले की आमच्या मॅडमना विचारते. साडेबारा लिहायचं नाही, हे तर आजच सांगते.